जाळ्यातली अर्धी ओळ

१

हे सांगायला मला भाग पाडलंय, हे आधी लिहा योगिनीबाई. नंतर कोणी म्हणायला नको की म्हातारा आपणहून गोष्टी सांगत सुटला. तुम्ही पंचायतीच्या बाई. खाडीतल्या लेण्याला पाहुणे यावेत म्हणून तुम्हाला पाटी लावायचीय आणि पाटीवर लिहायला माहिती हवीय. लेणं कोणी कोरलं, किती वर्षं झाली, बुद्धाचे भिक्षू तिथे पावसाळ्यात कसे राहायचे, ते तुमच्या पुस्तकात असेल. मी दुसरीत शाळा सोडली. मला विचाराल तर पाटीवर दोनच शब्द लिहा, 'परत फिरा'. रंगही कमी लागेल.

पण तुम्ही चार दिवस खेपा घालताय, आणि आमच्या बायकोने, कमळाने, तुम्हाला सांगून टाकलंय की ह्यांना विचारा, आपल्यातले शेवटचे हेच गेले होते. मग लिहा. फक्त मी-मी करून मला सांगता यायचं नाही, जीभ अडते. गुणाजी म्हणून लिहा. गुणाजी गेला, गुणाजीने बघितलं. परक्या माणसाची गोष्ट असली की खरं बोलायला सोपं पडतं.

आणि मधेच 'म्हणजे भूत का' असं विचारू नका. मला माहीत नाही. माहीत असतं तर रात्री झोप लागली असती.

२

गुणाजी चौऱ्याहत्तर वर्षांचा. पन्नास वर्षं समुद्र केला, त्यातली तीस तांडेल म्हणून, म्हणजे होडी आणि होडीवरची माणसं त्याच्या शब्दावर. गुडघे गेले तेव्हा उतरला. आता पूर्णगडला घराच्या पडवीत बसून लोकांची फाटकी जाळी सांधतो. सकाळी पेज प्यायची, खांबाला जाळं अडकवायचं, सुईत दोरा भरायचा आणि जेवणापर्यंत मान वर करायची नाही.

शेजारचा आत्माराम रोज येतो. सरकारपासून बांगड्याच्या भावापर्यंत सगळ्यांना शिव्या घालतो, आणि शिव्या घालता घालता जाळ्याची एक ओळ विणून जातो. ही आमच्याकडची रीत. जाळ्यापाशी बसलेला माणूस रिकाम्या हाताने बसत नाही. आणि एकदा धरलेली ओळ अर्धी टाकून उठत नाही. उठायचंच झालं, घरून बोलावणं आलं, तर सुई दुसऱ्याच्या हातात द्यायची, 'धर जरा' म्हणायचं, मग उठायचं. का, ते कोणी कोणाला सांगितलेलं नाही. बापाने केलं, आपण केलं.

जानेवारीत मुलगी रुपाली बाळंतपणाला माहेरी आली. सातवा लागला होता. तिच्यामागून चार दिवसांची रजा काढून जावई आला, हर्षद. ठाण्याचा. दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसून काहीतरी करतो, त्याचा पगार मिळतो. माणूस वाईट नाही. पण सुट्टी मिळाली की डोंगरातली जुनी बुद्धाची लेणी बघत फिरायची, हे त्याचं वेड. वही, मोजायची फीत, गळ्यात कॅमेरा. पन्नासेक लेणी बघून झाली होती.

पडवीत येऊन बसला तेव्हा गुणाजीने रीतीप्रमाणे सुई त्याच्या हातात दिली. हर्षदने पाच गाठी मारल्या. पाचही सुटल्या.

"जावईबापू, चपलेचा बंद तरी बांधता येतो ना?" गुणाजी म्हणाला.

"म्हणून तर मी बिनबंदाच्या चपला घेतो, मामा."

आत्माराम दात नसलेलं तोंड उघडून हसला. "ऱ्हावंदे गुणाजी. त्यांच्या बोटांना बटणांची सवय."

हर्षदने सुई परत दिली आणि विचारलं, "मामा, खाडीत वरच्या अंगाला एक लेणं आहे म्हणे. पुस्तकात दोन ओळींच्या वर काही नाही. होडीनेच जावं लागतं ना?"

"होडीनंच. बघण्यासारखं काय नाय."

"तुम्ही बघितलंय?"

"लहानपणी. बाहेरून. पूर्वी पावसात आमचे लोक तिथं जाळी ठेवायचे, कोरडी जागा म्हणून. माझ्या आज्याच्या वेळी बंद झालं."

"का?"

"ते आज्याला विचारा. मी आजा नव्हे."

आत्माराम हसायचा थांबला होता. त्याने आपली ओळ भरभर पुरी केली आणि चहा न घेता उठला.

गुणाजी नेणार नव्हताच. पण रुपाली मधे पडली. "बाबा, न्या ना. नायतर हे दुसऱ्या कोणाची होडी करतील. त्यापेक्षा तुम्ही बरोबर असलेले बरे." सकाळी धक्क्यावर पोटावर हात ठेवून उभी होती. म्हणाली, "जसे नेताय तसे आणा हां, बाबा. मला ह्या दिवसांत धाकधूक नको."

"पोस्टाचं पार्सल हाय काय गो?" गुणाजी खेकसला. पण मान हलवली. तांडेलाने मान हलवली म्हणजे शब्द दिला.

३

भरती अकराला पुरी व्हायची होती. लेण्याखाली चिखल आहे, म्हणून दीडच्या आत निघायचं, नाहीतर होडी बसली ती रात्रीपर्यंत. गुणाजीने हे तीनदा सांगितलं. हर्षदने तीनदा 'हो मामा' म्हटलं आणि तिन्ही वेळा तो कॅमेऱ्याच्या काचेवर फुंकर मारत होता.

कुठल्या वळणावर होडी लावली, ते लिहू नका. तिवरांच्या झाडीतून वाट आहे, मग कातळावर खोदलेल्या पायऱ्या. गुडघ्यांनी गुणाजीला प्रत्येक पायरीचा हिशेब दिला. वर पुढे तीन खांबांची ओसरी, आत लांब खोली, आणि खोलीच्या शेवटी दगडी स्तूप, माणसाच्या उंचीचा. बाजूच्या भिंतीत बसलेला बुद्ध कोरलेला. नाक झिजलेलं, नजर खाली. खोलीच्या दोन्ही अंगांना लहान लहान कोठड्या, दारं कमरेएवढी, आत भिक्षूंना निजायला दगडी बाकं. स्तूपापाशी मेणबत्त्यांचे थेंब गोठलेले होते. वैशाखी पौर्णिमेला पलीकडच्या वाडीतली बौद्ध मंडळी येतात, वंदना म्हणतात, निघतात. त्यांना इथे कधी काही झालेलं नाही. ती मंडळी जाळी विणत नाहीत.

हर्षदने चपला बाहेर काढल्या, बुद्धासमोर गुडघे टेकले, कपाळ जमिनीला लावलं. ते गुणाजीला आवडलं, खोटं कशाला सांगायचं. मग फीत काढून मोजामोजी सुरू झाली.

गुणाजी ओसरीतच थांबला. आणि तिथे त्याला दिसलं की मधल्या खांबाला जाळं अडकवलेलं आहे.

आधी राग आला. कोण गाढव इथे जाळं ठेवून गेला? पलीकडच्या काठाचा असेल, चोरून खाडी अडवणारा. खांबाला पूर्वीच्या लोकांनी पाडलेलं एक भोक आहे, त्यातून दोर ओवलेला. तिथून जाळं आतल्या खोलीत, जमिनीला न टेकता, डाव्या हाताच्या शेवटच्या कोठडीच्या दारात गेलेलं. दारापलीकडे काळोख. शेवटच्या ओळीला लाकडी सुई लटकत होती.

गुणाजी वाकून गाठी बघायला लागला. त्याला अक्षर येत नाही, पण गाठ वाचता येते. प्रत्येक माणसाचा हात वेगळा असतो, कोणी दोरा कमी ओढतो, कोणी पीळ उलटा देतो. पन्नास हात लांबीचं जाळं बघून तो सांगतो की हे मुरुडच्या बाजूचं, विणणारा डावरा. एका जाळ्यात एक हात असतो. फार तर दोन.

ह्या जाळ्यात प्रत्येक ओळ निराळ्या माणसाची होती.

आणि दुसरी गोष्ट. प्रत्येक ओळीची सुरुवात कच्ची होती. गाठी सैल, जाळ्याचे डोळे लहानमोठे, पहिल्यांदाच सुई धरलेल्यासारख्या. मग जसजशी ओळ पुढे जाई तसतसा हात सुधारत जाई, आणि शेवटच्या गाठी अशा, की गुणाजीलाही तशा जमल्या नसत्या. एका ओळीत एवढं कोणी शिकत नाही. एका ओळीला अर्धा तास लागतो. हात तयार व्हायला दहा वर्षं लागतात.

त्याने सुईतल्या दोऱ्याला बोट लावलं. दोरा ओला होता. जिभेला लावला. खारट.

खाडी इथून चाळीस पायऱ्या खाली.

४

"जावईबापू, चला. झालं बघून."

"आत्ताशी बारा वाजलेत, मामा. अजून उजवीकडच्या कोठड्या राहिल्यात."

"इथं कोणाचा तरी वावर हाय. जाळं बघा हे."

हर्षद आला, जाळ्याचा एक फोटो काढला आणि खांद्यावरून म्हणाला, "छान. कोणीतरी मच्छीमार येत असेल."

"नवा दोरा, ओला, आणि आत जाळं कोणीतरी ताणून धरलंय. ह्या कोठडीत जाऊ नका. मी सांगतोय ना."

इथवर ठीक होतं. पण गुणाजीने त्याच्या हातातली फीत ओढली. फीत सुटली, घरंगळली, वही खाली पडली, कागद विखुरले. हर्षद वाकून कागद गोळा करायला लागला, आणि मान वर न करता बोलला. शब्द जसेच्या तसे लिहा.

"तुम्हाला ह्यातलं काय कळतं हो? आयुष्यभर मासे मारलेत. स्वतःचं नाव तरी लिहिता येतं का? रुपाली चारचौघांत सांगते माझे वडील तांडेल होते. मी सांगतो ते रिटायर झालेत, म्हणजे पुढचं कोणी विचारत नाही."

गुणाजीने समुद्रात वादळं बघितली. पण तोंडात मारल्यासारखा तो तेवढाच एकदा उभा राहिला. हर्षद उजवीकडच्या कोठडीत शिरला, त्याचा मोबाइलचा उजेड आत गेला.

आणि गुणाजी, राग आला की तो जे करतो तेच त्याने केलं. खाली बसला. जाळ्यापाशी बसला. आत्ताच ज्याच्यापासून लांब राहा म्हणून दुसऱ्याला सांगितलं होतं, त्याच्यापाशी.

५

डोकं दुसरीकडे होतं. मनात हर्षदला द्यायची उत्तरं चालली होती, एकापेक्षा एक झोंबरी. हात मोकळे होते. जाळ्यापाशी बसलेल्या माणसाचे हात किती वेळ मोकळे राहणार?

सहा-सात गाठी झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की सुई आपल्या हातात आहे.

त्याने थांबायला हवं होतं. पण त्याच वेळी दुसरी गोष्ट ध्यानात आली. तो एक गाठ मारी, आणि जाळं एक डोळा आत सरकत असे. फार नाही. बोटभर. गाठ, आणि बोटभर. कोठडीतून कोणीतरी तयार झालेलं जाळं ओढून घेत होतं, पडवीत आत्माराम ओढून घेतो तसं, गडबड न करता.

दगड बांधलेला असेल, गुणाजीचं डोकं म्हणालं. उतार असेल. जाळं वजनानं सरकतंय. मग त्याने हात थांबवला.

जाळंही थांबलं.

त्याने श्वास रोखून कान दिला. समोरच्या कोठडीत हर्षदची फीत दगडावर घासत होती. बाहेर तिवरांत एक बगळा ओरडला. आणि डावीकडच्या काळोखातून आवाज आला, दोरा डोळ्यातून ओढल्याचा, सुर्रर्र, आणि गाठ आवळल्याची टिचकी. मग पुन्हा. एक नाही, अनेक. पागेत घोडे चारा खातात तसा सगळीकडून येणारा, घाई नसलेला आवाज. तो सुरू झाला नव्हता. तो मघापासून चालूच होता, गुणाजीने तो वाऱ्याचा समजला होता.

मग जाळ्याला दोन हलके झटके बसले. दोन झटके म्हणजे काय ते आमच्याकडचं पोरसुद्धा सांगेल. चालू दे.

गुणाजीने उठायला एक हात जमिनीला टेकला. सुई टाकून पळावं, तर बोटं सुई सोडेनात. ओळ अर्धी होती. अर्धी ओळ टाकून तो जन्मात उठला नव्हता, आणि त्या वेळी त्याला असं वाटलं, की उठलो तर आतलं कोणीतरी बघायला बाहेर येईल.

"काय मामा, राग गेला का?" हर्षद समोरच्या कोठडीतून वाकून बाहेर आला. कपडे झटकत होता. तोंडावर मघाची लाज होती थोडी. जवळ आला. "अरे वा, कामाला लागलात? तुमचं बरं आहे, कुठेही..."

गुणाजी उठला. आणि उठताना त्याने सुई हर्षदच्या हातात दिली.

"धरा जरा," म्हणाला.

आता ह्याला काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा. गुणाजी म्हणतो सवय. साठ वर्षांची सवय, हाताने केलं, त्याला विचारलंही नाही. गुणाजी असंही म्हणतो की तो फक्त होडी बघायला बाहेर गेला होता.

हर्षद हसत खाली बसला होता. "असंच ना? ह्या डोळ्यातून वर?" एवढं ऐकू आलं.

६

बाहेर ऊन होतं. इतकं साधं ऊन, की गुणाजीला स्वतःचीच लाज वाटली. होडी पाण्यावर होती, पण मागचा भाग चिखलाला टेकायला आला होता. त्याने घड्याळ बघितलं. दीडला पाच कमी. बाराला हर्षदशी बोलणं झालं होतं. मधला तास कुठे गेला ते त्याला सांगता येत नाही. त्याच्या हिशेबाने दहा-बारा गाठी मारल्या होत्या.

"जावईबापू! पाणी उतरतंय!"

त्याने हात तोंडाशी धरून पुन्हा हाक मारली.

"ओ हर्षदराव!"

"आलो," आतून आवाज आला. हर्षदचाच. पण तो ओसरीतून आला नाही. लांबून आला, आणि आवाज दुसरीकडे लक्ष असलेल्या माणसाचा होता.

गुणाजी पायऱ्या परत चढला. गुडघ्यांचं त्याला काही आठवत नाही. ओसरीत कोणी नव्हतं. खांबाच्या भोकातला दोर रिकामा लोंबत होता. जाळं सगळं आत गेलं होतं.

रुपालीचं तोंड त्याच्या डोळ्यांपुढे आलं, म्हणून तो गेला. नाहीतर गेला नसता, हे सरळ सांगतो. स्तूपाच्या बाजूने, बुद्धाच्या समोरून, शेवटच्या कोठडीपर्यंत. बुद्धाकडे बघून त्याने हात जोडले. मदत मागितली की क्षमा, ते ठरवायला वेळ नव्हता.

कमरेएवढ्या दारातून वाकून आत बघितलं.

हर्षदचा मोबाइल जमिनीवर पडला होता, उजेड वरच्या बाजूला. उजेड फार उंच जात नव्हता, बसलेल्या माणसाच्या छातीपर्यंत. दाराजवळ हर्षद बसला होता, पाठ दाराकडे, मांडीवर जाळं. त्याचे हात चालले होते. आदल्या दिवशी ज्यांच्या पाचही गाठी सुटल्या तेच हात, न बघता, न थांबता. गुणाजीने इतकी वर्षं लोकांना विणताना बघितलं, इतका सफाईदार हात बघितला नव्हता.

त्याच्या पलीकडे गुडघे होते.

दगडी बाकावर, भिंतीला लागून, एकाला एक चिकटून. डाव्या अंगाला आणि उजव्या अंगाला. सगळ्यांच्या मांडीवरून तेच जाळं गेलेलं. ती कोठडी दोन माणसं निजतील एवढी, बाहेरून बघून कोणीही सांगेल. पण गुडघ्यांच्या रांगा मोबाइलचा उजेड संपला तिथेही संपल्या नव्हत्या. काही उघडे, काही जुन्या कापडात, एक फाटक्या खाकी चड्डीतला. गुणाजीने मान वर केली नाही. वर काय असेल ते बघायला त्याला कोणी सांगितलंही नव्हतं.

आवाज थांबला. सगळे हात एकदम थांबले.

मोबाइल विझला.

"हर्षद!" गुणाजी ओरडला. जावयाला नुसत्या नावाने हाक मारायची नसते. त्याने तीनदा मारली. आणि काळोखात हात घातला.

एका हाताने त्याचा हात धरला. गुणाजीने ओढला. अंगात होतं तेवढं बळ लावून, नांगर ओढतात तसा ओढला, आणि जो बाहेर आला त्याला घेऊन मागे न बघता पळत सुटला.

७

होडी अर्धी चिखलात बसली होती. बरोबरचा माणूस न सांगता पाण्यात उतरला, होडीच्या पुढच्या टोकाला खांदा लावला, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे हलवून अशी काही सोडवली, की गुणाजी बघत राहिला. मग वर चढून नाकाडावर, पुढच्या टोकाला, बसला. शर्ट हर्षदचा. तोंड हर्षदचं. गळ्यात कॅमेरा. चपला लेण्यापाशीच राहिल्या होत्या, पण तेव्हा कोण चपला आठवतो.

इंजिन तिसऱ्या झटक्याला लागलं. गुणाजीचा जीव थोडा खाली बसला. आणलं, म्हणाला मनाशी. नेला तसा आणला.

त्याच वेळी त्याला आपला हात आठवला. काळोखात जो हात त्याच्या हातात आला होता त्याच्या पहिल्या बोटाला आडवी चीर होती, दोरा ओढून ओढून पडते तशी, घट्टा बसलेली. अशी चीर गुणाजीच्या बोटाला आहे. आत्मारामच्या आहे. पडायला वीस वर्षं जातात.

त्याने समोर बघितलं. त्या माणसाने दोन्ही हात मांडीखाली धरले होते. जानेवारीतली थंडी, असेल.

होडी वळणावर आली, आणि मागून हाक आली.

"मामा! ओ मामा!"

खाडीच्या पाण्यावरून आवाज सरळ येतो. गुणाजीने पन्नास वर्षं पाण्यावरचे आवाज ओळखले, त्यात चूक होत नाही. घाबरलेल्या, शहरात वाढलेल्या माणसाचा आवाज. "मामा, थांबा की! मी इथे आहे!"

गुणाजीचा हात इंजिनच्या दांड्यावर होता. समोरच्याने मागे वळून बघितलं नाही. फक्त हसला, ओळखीचं, चांगलं हसला.

"वारा हाय, तांडेल," म्हणाला. "चला."

हर्षदने त्याला कधी तांडेल म्हटलं नव्हतं. समुद्र सोडल्यापासून कोणीच म्हटलं नव्हतं.

होडी वळवायला किती वेळ लागतो? दांडा उजवीकडे लोटायचा, झालं. पण पाणी उतरत होतं. आत गेलो असतो तर चिखलात बसलो असतो, रात्रीपर्यंत, समोर हा आणि वर ते. आणि प्रतिध्वनी असेल, डोकं म्हणालं. कातळ आवाज परत देतो. मघाशी मारलेली हाक आत्ता परत आली असेल. डोक्याने अशी खूप उत्तरं दिली. हाक आणखी चार वेळा आली. पाचव्या वेळी नुसतं 'मामा' आलं, लहान होऊन.

गुणाजीने होडी वळवली नाही.

धक्क्यावर रुपाली उभी होती. लांबून दोघांना बघितलं आणि पदराने तोंड पुसलं. "आणलंत ना नीट!" म्हणाली, हसत. जावई तिच्याकडे बघून हसला, दोर उचलला, धक्क्याच्या खुंट्याला दोन वेढे आणि एक गाठ मारली.

गुणाजीने मागाहून जाऊन ती गाठ सोडायचा प्रयत्न केला. शेवटी कोयता आणावा लागला.

८

आता पाच महिने झाले. नातू झालाय, गोरा, रडका, चांगला आहे. जावई ठाण्याला गेला नाही. नोकरी सोडली, म्हणतो मन रमत नाही तिथे, इथेच समुद्रावर काहीतरी करतो. रुपाली खूश आहे. म्हणते, बाबा, हे किती बदलले, आता घरात मदत करतात, आवाज चढवत नाहीत. कमळा त्याला जेवण वाढताना ताट खाली ठेवते आणि मागे सरते. आणि नातवाला त्याच्याजवळ एकटं सोडत नाही, काहीतरी निमित्त काढून तिथेच बसते.

आत्माराम पडवीत यायचा बंद झाला.

आणि ह्याने माफी मागितली. त्याच संध्याकाळी. गुणाजीच्या पायांवर डोकं ठेवून, सगळ्यांसमोर. "तुमच्या शिक्षणावरून बोलायला नको होतं मी," म्हणाला. शब्द न् शब्द बरोबर. त्यानंतर दर आठवड्याला मागतो. परवाही मागितली. रुपाली चिडते, म्हणते, बाबा, आणखी काय हवंय तुम्हाला? माणूस पाय धरतोय, अजून किती ताणणार? गावात सगळे हेच म्हणतात. म्हातारा आडमुठा, जावयाचा अपमान करतो.

मी घेणार नाही ती माफी, योगिनीबाई. घेतली की संपलं. घेतली म्हणजे मी मान्य केलं, की बोलला तो हाच.

अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला मी एकटा होडी घेऊन वळणापर्यंत जातो. वर चढत नाही. पायांत ते राहिलेलं नाही. होडीत उभा राहून ओरडतो, जेवढं ओरडता येतं तेवढं. विणल्याचा आवाज थांबतो आतला, एवढं कळतं. मग मी सांगतो, की जावईबापू, मला तुम्ही बोललात, तोंडावर बोललात, ते मी विसरलेलो नाही. माफी मागायची तर माणसाने समोर यायला लागतं. खाली या, माझ्या होडीत बसा, आणि मागा. मग आवाज परत सुरू होतो.

घरी जो पाय धरतो तो मला कधी काही वाईट बोललेलाच नाही. त्याची माफी घेऊन मी काय करू? जो बोलला त्यानेच यायला हवं. नाव लिहून घ्या नीट, पाटीवर नको, तुमच्या वहीत. मला लिहिता येत नाही, म्हणून तुम्ही लिहा. माझी माफी मागायचा राहिलाय तो हर्षद.